एक फावडंही न मारता रोमन चौकी "सापडली" असं कसं म्हणतात?

प्रश्न थोडक्यात असा होता: स्कॉटलंडमधल्या अँटोनाइन भिंतीवरची हरवलेली एक रोमन चौकी २०२३ मध्ये सापडली अशी बातमी आली, पण तिथे खोदकाम तर झालंच नाही, मग ही तीच कशावरून? आणि १७०७ सालीच कोणीतरी लिहून ठेवलं होतं तर तीनशे वर्षं लोक काय करत होते?

दोन्ही प्रश्न एकदम रास्त आहेत. मी मूळचा पुण्याचा, जिऑलॉजी करून इकडे आलो आणि गेली पंधरा-सोळा वर्षं ब्रिटनमध्ये जमिनीखालचं न खणता बघायचं काम करतो, म्हणजे सर्व्हे. ही चौकी जिथे सापडली त्या कारलीथच्या कामात मी नव्हतो हे आधीच सांगतो, पण त्याच भिंतीच्या आसपासच्या शेतांतून मशीन घेऊन बरंच चाललोय, त्यामुळे ही अशी ओळख कशी पटते आणि कुठे फसते हे सांगू शकतो. उत्तर लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी भिंत म्हणजे काय ते. उत्तर इंग्लंडमधली हेड्रियन बादशहाची दगडी भिंत सगळ्यांना फोटोत बघून माहीत असते, ती इ.स. १२२ ला सुरू झाली. तिच्यानंतर वीसच वर्षांनी, १४२ च्या सुमारास, अँटोनिनस पायस बादशहाने सरहद्द आणखी उत्तरेला नेली आणि स्कॉटलंडच्या कमरेवर, पूर्वेच्या फोर्थ खाडीपासून पश्चिमेच्या क्लाइड नदीपर्यंत, साधारण ६० किलोमीटरची दुसरी भिंत घातली. ही दगडी नाही. खाली साडेचार मीटर रुंदीचा दगडांचा पाया आणि त्यावर गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या लाद्या एकावर एक रचून केलेला तट, पुढे उत्तरेला प्रचंड खंदक, मागे सैन्याचा रस्ता. विशेक वर्षांत रोमन हे सगळं सोडून परत हेड्रियनच्या भिंतीवर गेले. म्हणजे मातीचा तट, वापर एका पिढीचा आणि त्यावर अठराशे वर्षांचा पाऊस आणि नांगर. उभं काय राहणार?

तटाला लागून मोठे किल्ले होते आणि मधेमधे छोट्या चौक्या. आपल्या गडाच्या वाटेवर मेटं असायची ना, दहा-बारा माणसं बसलेली, येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवणारी, तसलाच प्रकार समजा. आतून वीसेक मीटर लांबी-रुंदी, तटासारखाच मातीचा बांध, उत्तरेला आणि दक्षिणेला एकेक दरवाजा, त्यावर लाकडी मनोरा, आत दोन लाकडी खोपटी. कारलीथला जवळच्या डनटॉकर किल्ल्यातली दहा-बारा माणसं पाळीने येऊन राहत असावीत असा अंदाज आहे.

आता १७०७ चं लिखाण. सर रॉबर्ट सिबाल्ड हा एडिंबराचा डॉक्टर, शिवाय भूगोल, झाडं, प्राणी, जुने अवशेष सगळ्यात रस असलेला माणूस. त्याने लिहिलं की कारलीथ शेताच्या आसपास मी एक छोटी चौकी बघितली. बस्स. कुठल्या बांधापासून किती पावलं, ओढ्याच्या कुठल्या अंगाला, काही नाही. तेव्हा असं लिहिणं गैर नव्हतंच, वाचणाऱ्याने तिथे जाऊन बघावं, दिसेलच, अशी समजूत. पण त्याच शतकात स्कॉटलंडची शेती पार बदलली, जुन्या पट्ट्या मोडून मोठी वावरं झाली, चुना घालून पडीक जमिनी नांगराखाली आल्या, आणि जो उंचवटा सिबाल्डला सहज दिसला तो पुढच्यांना दिसेना. १७५५ मध्ये विल्यम रॉय या लष्करी सर्व्हेयरने ही अख्खी भिंत चालून नकाशा केला, तो आजही आम्ही रोज उघडतो, पण रॉय मोठ्या किल्ल्यांच्या मागे होता, शिवाय तोही जे डोळ्याला दिसतं तेच काढणार.

त्यामुळे जुना उल्लेख हा पुरावा नक्की असतो, पण तो पत्ता नसतो. शेताचं नाव कळलं तरी शेत काही हेक्टरचं आणि तुमची चौकी जेमतेम चार गुंठे भरेल न भरेल एवढी. वर शेताच्या हद्दी तीनशे वर्षांत सरकलेल्या.

दुसरा धागा अंतराचा. हेड्रियनच्या भिंतीवर दर रोमन मैलाला, म्हणजे साधारण १.४८ किलोमीटरला, एक मैलचौकी आहे, एवढी शिस्त की त्यांना चक्क नंबर दिलेत. अँटोनाइन भिंतीवर असं काही आहे असं बरीच वर्षं कोणाला वाटलं नव्हतं, कारण मोजक्याच चौक्या ठाऊक होत्या. १९७५ मध्ये पुरातत्त्वज्ञ जॉन गिलम यांनी मांडलं की इथेही मूळ आराखडा तोच असणार, थोडे मोठे किल्ले आणि मधे मैलामैलावर चौक्या, बाकीचे किल्ले मागाहून घुसवलेले. आणि बघा, पुढच्या चार-पाच वर्षांत अंतर मोजून शोधलं तर सीबेग्ज वूड, किनील, क्लेडन्स अशा चौक्या एकामागून एक निघाल्या. मला विचाराल तर या भिंतीच्या अभ्यासातली ही सगळ्यात देखणी गोष्ट आहे, आधी सांगितलं असणार आणि मग जाऊन बघितलं तर होतं. ६० ला १.४८ ने भागलं की साडेचाळीस येतात, "४१ पर्यंत चौक्या असाव्यात" हा बातमीतला आकडा याच हिशोबातला. त्यातल्या कारलीथच्या आधी नऊ सापडल्या होत्या, ही दहावी.

पण या अंतराच्या प्रेमात पडू नका, मी पडून पस्तावलोय, ते पुढे सांगतो. रोमन सर्व्हेयर काही दोरी धरून डोळे मिटून चालत नव्हते. ओढा आला, कडा आला, दलदल आली की चौकी पन्नास-शंभर मीटर इकडेतिकडे सरकणार. कधी उलटंही होतं, हेड्रियनच्या भिंतीवर कॉफील्ड्सची मैलचौकी चांगल्या घसरणीवर बांधलीय, थोडं बाजूला सपाट जागा असताना, केवळ मोजमाप तिथे आलं म्हणून, सरकारी काम! म्हणजे अंतर तुम्हाला शोधायचा पट्टा देतं, जागा देत नाही. आणि एकदा नकाशावर फुली मारली की डोळे त्या फुलीवर चौकी बघायला लागतात, हा त्यातला खरा धोका.

मग १९७० आणि ८० च्या दशकात कारलीथला शोध घेतला तेव्हा का नाही मिळाली? तेव्हा नेमके कुठे चर मारले त्यावर मी बोलणार नाही, पण अशा जागी चर कसा चुकतो ते सांगतो, कारण ते बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. भिंत पूर्व-पश्चिम धरा. चौकी तिच्या पाठीला, दक्षिणेला, चौकोनी खिशासारखी चिकटलेली. तुम्ही आधी भिंत शोधता, त्यासाठी साहजिकच उत्तर-दक्षिण चर मारता, म्हणजे भिंत आडवी कापली जाते आणि पाया, खंदक सगळं दिसतं, छान. पण चौकीचे दोन बाजूचे बांधही उत्तर-दक्षिणच असतात! म्हणजे तुमचा चर त्यांना समांतर जातो, बाजूने एक मीटरवरून गेलात तरी पत्ता लागत नाही. चौकीच्या पोटातून गेलात तर लाकडी खोपटी केव्हाच कुजलेली, बऱ्याच चौक्या तर नंतर रोमनांनीच आतली बांधकामं काढून वर खडी पसरून टाकली होती, त्यामुळे चरात फक्त खडीचा थर दिसतो आणि तुम्ही लिहिता की "सैन्याच्या रस्त्याचा भाग असावा". म्हणून चौकी शोधायची तर चर भिंतीच्या मागे आठ-दहा मीटर सरकून भिंतीला समांतर मारायचा, म्हणजे दोन्ही बाजूचे बांध आडवे येतात आणि दगडी पायाचे दोन पट्टे वीसेक मीटर अंतरावर दिसले की छाती धडधडायला लागते. पण दोन किलोमीटर असा समांतर चर मारायला ना परवानगी मिळते ना पैसे.

इथे मशीन कामाला येतं. कारलीथला हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट स्कॉटलंड या तिथल्या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या टीमने ग्रॅडिओमीटर वापरला. एका उभ्या नळीत वर-खाली दोन सेन्सर असतात, दोन्ही पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजतात आणि मशीन फक्त दोघांतला फरक लिहितं. पृथ्वीचं क्षेत्र तिकडे साधारण ५०,००० नॅनोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आणि आपल्याला हवा असलेला जुना खंदक किंवा पाया म्हणजे त्यात एक ते दहा नॅनोटेस्लाचा बदल, एवढी बारीक कुजबुज ऐकायची असते. म्हणून अंगावर लोखंड नको. बेल्ट नाही, चेन नाही, चावी नाही, फोन गाडीत, पायात साधे रबरी बूट. मी नाडीची ट्रॅकपँट घालतो, आईने पुण्याहून पाठवलेली, गुडघ्यावर ठिगळ, आणि हातात आठ-दहा लाखांचं मशीन. शेताचा मालक कुत्रा घेऊन येतो, वरपासून खालपर्यंत बघतो आणि विचारतो की साहेब कधी येणार.

तीस मीटरचे चौकोन आखायचे, दोरी टाकायची आणि मशीनच्या टिकटिकीवर एकसारखी पावलं टाकत चालायचं, मीटरमीटर अंतरावर, जायचं आणि यायचं, दिवसभर. पाय थोडा घाई करतो किंवा मेंढी आडवी येते, मग त्या ओळीचं चित्र करवतीच्या दातासारखं येतं. मोठं शेत असेल तर हे असं आठवडाभर. संध्याकाळी लॅपटॉपवर करड्या रंगाचं एक चित्र तयार होतं आणि खरं काम तिथून सुरू होतं, कारण त्या चित्रात सगळंच दिसतं, नको ते जास्त.

जुन्या नांगरटीचे समांतर पट्टे दिसतात, माशाच्या काट्यासारखे पाणी काढायचे पाइप दिसतात, घोड्याचा नाल म्हणजे काळा-पांढरा ठिपका, तारेचं कुंपण म्हणजे कडेचे पाच मीटर बाद, हाय टेन्शनच्या मनोऱ्याजवळ तर विचारूच नका. क्लाइडच्या या बाजूला आणखी एक भानगड, मार्च १९४१ मध्ये जर्मनांनी क्लाइडबँकवर दोन रात्री जबरदस्त बॉम्बफेक केली, डनटॉकर त्याच टापूत, त्यामुळे बॉम्बचे खड्डे आणि लोखंडाचे तुकडे हा इथला ठरलेला गोंधळ. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दगड. मागच्या किलपॅट्रिकच्या टेकड्या ज्वालामुखीच्या लाव्हाच्या आहेत, बेसॉल्टच, हिमनद्यांनी त्याचे धोंडे खाली मातीत पसरलेत आणि प्रत्येक धोंडा आपापल्या दिशेने चुंबक होऊन बसलाय. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाची हीच गंमत, तिथे हे मशीन चालवणं म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत ढोलताशाच्या पथकात उभं राहून फोनवर बोलणं. मी कॉलेजात असताना ते करून बघितलंय, चित्रात सगळीकडे गोवर उठल्यासारखं. पण त्या सवयीचा इकडे उपयोग झाला, कारण ठिपक्यांकडे दुर्लक्ष करून रेष शोधायची हे डोळ्याला आधीच वळण लागलं होतं.

शोधायची ती रेषच. गवताच्या लाद्यांचा तट नांगराने पुसला तरी खालचा दगडी पाया पुष्कळदा शाबूत असतो, नांगर तीस सेंटिमीटर जातो आणि पाया त्याच्या खाली, आणि आजूबाजूच्या मातीपेक्षा त्याचं चुंबकत्व वेगळं असल्याने एक पुसट पट्टा उमटतो. कारलीथला तेच झालं, चौकीच्या बांधाचा पुरलेला दगडी पाया चित्रात आला.

आता माझी फजिती. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पाइपलाइनच्या कामासाठी मी याच भिंतीच्या पाठीमागच्या एका शेतात सर्व्हे करत होतो, कुठे ते सांगत नाही. अंतराच्या हिशोबाने तिथे चौकी "असायला हवी" होती. आणि चित्रात आली! सुरेख चौकोन, एका बाजूला दारासारखी फट, मापही जवळपास बरोबर. मी रात्री अकराला माझ्या बॉसला फोन केला. तिने शांतपणे एवढंच विचारलं की जुना नकाशा बघितलास का. नव्हता बघितला. सकाळी एकोणिसाव्या शतकातला, मैलाला सहा इंच मापाचा नकाशा उघडला तर त्याच जागी छोटा चौकोन काढलेला आणि शेजारी लिहिलेलं, मेंढवाडा. दगडी कुंपणाचा पाया होता तो, दार पण मेंढ्यांचं. ऑफिसात कोणीतरी माझ्या टेबलावर लोकरीची मेंढी आणून ठेवली, ती अजून आहे. तेव्हापासून माझा नियम, चौकोन दिसला की आधी गेल्या दोनशे वर्षांतला माणूस शोधायचा, रोमन सगळ्यात शेवटी.

नंतर नीट बघितल्यावर कळलं की चौकोन भिंतीच्या रेषेला चिकटलेलाच नव्हता, सातेक मीटर सुटा होता आणि थोडा तिरका. हे मला रात्रीच दिसायला हवं होतं. चौकी सुटी नसते. तिची उत्तरेची बाजू म्हणजे भिंतच असते, बाजूचे बांध भिंतीला काटकोनात येऊन भिडतात, दरवाजे मधोमध समोरासमोर, आणि दक्षिणेच्या दारातून वाट मागच्या रस्त्याला जाते. मेंढपाळाला यातलं काहीच करायची गरज नसते.

म्हणून कारलीथवर माझा विश्वास का बसतो ते आता समजेल. नुसतं मशीनचं चित्र असतं तर मी म्हटलं असतं, बरं, बघू. नुसता सिबाल्ड असता तरी तेच. पण इथे १७०७ चा माणूस म्हणतो या शेताजवळ बघितली, त्याला मैलांचा हिशोब माहीत नव्हता. भिंत कुठून जाते ते आपल्याला ठाऊक आहे. चित्रातला चौकोन त्या भिंतीच्या पाठीला आहे आणि इतर नऊ चौक्यांच्या घाटाचा आहे. यातला कुठलाच धागा दुसऱ्यावरून काढलेला नाही, तरी सगळे एका ठिकाणी येऊन मिळतात, आणि मग मेंढवाडा म्हणायला जागा उरत नाही. गंमत म्हणजे शेजारच्या डनटॉकरलाच १९४८ ते ५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ अ‍ॅन रॉबर्टसन यांनी खणलं तेव्हा आधी चौकी, मग तिला लागून किल्ला आणि मग येऊन मिळालेली भिंत असा क्रम निघाला होता. म्हणजे या टोकाला चौक्या भिंतीच्याही आधी उभ्या राहत होत्या, शेजाऱ्याचा इतिहासही पक्का आहे.

चुंबकाचं चित्र तारीख मात्र सांगत नाही. ती किती दिवस वापरली, मधे मोडून पुन्हा उभारली का, आत शेकोट्या किती, हे खणल्याशिवाय कळणार नाही. मग खणत का नाहीत? ही भिंत २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, परवानगीशिवाय तिथे खुरपंही लावता येत नाही, आणि परवानगी मागताना विचारतात की प्रश्न काय आहे. "आहे की नाही" हा प्रश्न चित्राने सुटला असेल तर फक्त खात्रीसाठी ते कायमचं उचकटायचं का, यावर आमच्यातही वाद होतात. मी न खणणाऱ्यांच्या बाजूचा, माझं पोट त्यावर आहे म्हणून नाही, पण लाद्यांचा बांध एकदा कापला की तो परत रचता येत नाही आणि तीस वर्षांनी मशीनं आणखी चांगली असतील.

कधीकधी नशीब खोदकामाशिवायच सगळं हातात ठेवतं. भिंतीच्या पूर्व टोकाला कॅरिडेनचा किल्ला १९४५ मध्ये विमानातून पिकातल्या खुणांवरून ओळखला होता, आणि १९५६ मध्ये तिथे नांगराला एक कोरीव वेदी लागली, वेलुनिआटे या ठाण्याला लागून राहणाऱ्या गावकऱ्यांनी ज्युपिटरला वाहिलेली. जागा आधी, नाव मागून. एवढ्या छोट्या चौकीच्या बाबतीत नावाचा दगड मिळायची आशा मी तरी धरणार नाही. आणि शहरात तर आमचं मशीन निव्वळ ओझं. न्यूकॅसलमध्ये हेड्रियनच्या भिंतीची चौथी मैलचौकी १९८५ ला वेस्टगेट रोडवर इमारतींच्या मागे सापडली, तिथे जुनी बांधकामं हलली तेव्हाच जमीन बोलली. ग्लासगोच्या उपनगरांखाली या भिंतीच्या काही चौक्या नक्की झोपल्यात, कोणी घराचं एक्स्टेन्शन काढेल तेव्हा निघतील.

बघायला जायचं असेल तर कारलीथला जाऊ नका, गवत आहे, बाकी काही नाही, मी मुद्दाम बायकोमुलांना घेऊन गेलो होतो आणि अजून बोलणी खातोय. डनटॉकरच्या गोल्डन हिल पार्कात भिंतीच्या दगडी पायाचा एक तुकडा उघडा ठेवलाय, कठड्याच्या आत, तो पट्टा नीट बघून घ्या, चित्रात आम्ही शोधतो ती पुसट रेष म्हणजे हीच. आणि मग पूर्वेला किनीलला जा, तिथे चौकीतल्या लाकडी खांबांच्या जागी खुंट रोवलेत, मधोमध उभं राहून एका बांधापासून दुसऱ्यापर्यंत चालून बघा. माझ्या मुलीने पळत मोजलं, सत्तावीस पावलं, आणि म्हणाली, बाबा एवढ्याशा जागेसाठी तू आठवडाभर चालतोस?